बुडिताचं कोन हाय?

परवा मुलीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. गॉगल लावलेला एक तरुण धरणाच्या काठावर उभा राहून सांगत होता की, सावळाईच्या बेटावर जायचंय आणि नावेच्या रांगेत तीन-तीन तास वाळायचं नाही, तर या सात युक्त्या लक्षात ठेवा. जत्रेचा दिवस सोडून या. मंगळवार-शुक्रवार टाळा. सकाळी आठच्या आत घाटावर पोचा. ओटीचं सामान घरूनच आणा, दुकानापाशी वेळ जातो. असं एकेक करत तो सातवीवर आला, उगाच इकडंतिकडं बघितल्यासारखं केलं आणि हसून म्हणाला, "आणि काहीच नाही जमलं, तर नावाडी ओरडतो तेव्हा बिनधास्त हात वर करा. म्हणा, आम्ही बुडिताचे!"

मुलगी खदखदून हसली. "पप्पा, भारी आहे ना? आपण हेच करू." मी हसलो नाही. तो पोरगा जी युक्ती आज सगळ्या जगाला फुकट वाटत होता, ती मी पंचवीस वर्षांपूर्वी त्याच घाटावर वापरली होती. मुलीला म्हटलं, बघू पुढच्या खेपेला. आणि चैत्री पौर्णिमेला, ऐन जत्रेच्या दिवशी, तिला न सांगता एकटाच लातूरहून एसटीत बसलो. त्या दिवशी रांग सगळ्यात लांब असते. मला ती तशीच हवी होती.

सावळगाव आता नकाशात नाही. कंधारच्या पुढं आडबाजूला धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. गावाच्या कडेची टेकडी तेवढी वर राहिली, तिचं बेट झालं आणि टेकडीवरची सावळाई बेटावरची देवी झाली. गावातली माणसं पांगली. कोणी वरच्या माळावरच्या नव्या सावळगावात, कोणी नांदेडला, कोणी पार किनवटच्या जंगलापर्यंत. सरकारी कागदात त्यांच्या जमिनीला 'बुडीत क्षेत्र' म्हणत. लोकांनी तो शब्द उचलून आडनावासारखा लावून घेतला. कुठले? तर बुडिताचे.

आणि रीत अशी होती की देवी त्यांची, तर नावही आधी त्यांची. रांग कितीही असो, प्रत्येक खेपेच्या आधी यादवमामा नावाडी कमरेवर हात ठेवून ओरडायचा, "बुडिताचं कोन हाय? फुडं या!" मग रांगेतून एखादी म्हातारी, एखादं जोडपं पुढं यायचं. मामा विचारायचा, "कुठले?" उत्तर आडनावानं द्यायचं नाही, जागेनं द्यायचं. बारवेजवळचे. वेशीतले. मारुतीमागचे. जी बारव पाण्याखाली होती, जी वेस कोणाला दिसत नव्हती, त्यांचे पत्ते माणसं भर उन्हात ताठ मानेनं सांगायची. रांगेतलं कोणी कुरकुरायचं नाही. माहेरच्या माणसाला आधी वाढायचं, यात कुरकुरायचं काय?

लहानपणी आम्ही दर चैत्रात जायचो. आमचं घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांनासुद्धा तुरीच्या भुशाचा वास यायचा. अहमदपूर मागं पडलं की तो वास कुठंतरी सुटायचा आणि खिडकीतून तापलेल्या मातीचा, कडुनिंबाच्या मोहराचा वास आत यायचा. मला वाटायचं, सुट्टीचा वास असाच असतो. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि फडक्यात बांधलेले धपाटे. सोबत लसणाची भरडी चटणी. ती चटणी पिशवीतल्या खणालाही लागायची आणि देवीला दरवर्षी लसणाचा वास असलेला खण मिळायचा. आई म्हणायची, "तिलाबी जरा चव नको का?"

घाटाचा वास निराळा. ओल्या दोराचा, मासळीचा, नारळाच्या सोडणांचा, आणि बाभळीच्या पिवळ्या फुलांचा. रांग त्या बाभळींच्या सावली-सावलीनं वाकडीतिकडी जायची. सावली सरकली की रांगही सरकायची, म्हणून रांगेला कधी सरळ होताच यायचं नाही. आईला रांगेचा कंटाळा नव्हता. उलट तिचं वर्षातलं सगळं बोलणं त्या रांगेत व्हायचं. देगलूरची कोणी बाई तेलुगू मिसळलेल्या मराठीत सुनेची तक्रार सांगायची, उदगीरची कोणी कानडीत हुंकार भरायची, आणि आई दोघींच्या मध्ये बसून धपाटे वाटायची. "दर्शन काय, दोन मिन्टाचं असतंय," ती म्हणायची. "म्या तर रांगंतल्या बायासाठी येते."

नाव लाकडी होती. तळाशी कायम घोटाभर पाणी असायचं आणि डालड्याच्या डब्यानं ते कोणीतरी उपसत राहायचं. मध्यावर गेलं की बुडिताचं माणूस मामाला खूण करायचं. वल्ही थांबायची. सगळे गप्प. ते माणूस भाकरीचा तुकडा मोडून पाण्यात सोडायचं, तिथलंच ओंजळभर पाणी पिऊन डोळ्यांना लावायचं. आपल्या घरावर घास दिला, असं त्याला म्हणायचे. मग दोन वल्ही पुढं गेलं की दुसऱ्याचं घर. बाहेरची माणसं हात जोडून बसायची. मी सहा-सात वर्षांचा असताना आईला मोठ्यानं विचारलं होतं, "आपलं घर का नाही बुडालं?" आईनं मला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. समोरची बुडिताची म्हातारी मात्र हसली होती.

रांगेच्या बाबतीत वडील आईच्या उलट. शाळेत कारकून होते, पण खरी हुशारी एसटी स्टँडवर. गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्यासोबत धावत खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, आत फेकायची आणि सीट धरायची, यात त्यांचा हात लातुरात कोणी धरत नव्हतं. दस्तीवर दुसरं कोणी बसलं तर असा आवाज चढवायचे की बसलेला माणूस आपणच चोर आहोत असं समजून उठायचा. आम्ही पोरं मागून ऐटीत चढायचो. रांगेत उभं राहणारा तो बावळट, ही आमच्या घरातली वडिलांकडची शिकवण. आईचे संस्कार आणि वडिलांची दस्ती यांत मी दस्ती उचलली. बारावीत क्लासच्या नोट्स झेरॉक्सवाल्याकडून आधी कोण काढून घेतो, तर मी. मित्र मला मानायचे. मलाही मी आवडायचो.

त्या वर्षी परीक्षा नुकतीच संपली होती. क्लासमधल्या दोन मित्रांना घेऊन मी सावळाईला गेलो. आईनं खण दिला, धपाटे दिले. ती स्वतः आली नाही, तिचा गुडघा सुजला होता. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. रांग बाभळी ओलांडून उसाच्या फडापर्यंत गेली होती. आणि आम्हाला तीनची गाडी धरून घरी जायचं होतं, कारण संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती. हे कारण आज लिहितानाही हात अडतो. आजारपण नाही, अडचण नाही. मॅच.

"थांबा, बघा गंमत," मी मित्रांना म्हणालो.

आम्ही नुसतं बघायला आल्यासारखे नावेपर्यंत पुढं गेलो. मामानं हाळी दिली. एका जोडप्यानं 'बारवेजवळचे' म्हटलं आणि ते नावेत चढलं. मी हात वर केला.

"कुठले?" मामा म्हणाला.

बारव घेऊन झाली होती. मला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि चिंच तर प्रत्येक गावात असतेच.

"चिंचेखालचे."

मामाचा हात दोरावर थांबला. "चिंचेखालचे? किसनाचे?"

"हाव," मी म्हणालो. घरी आणि क्लासमध्ये मी 'हो' म्हणायचो. तो 'हाव' मी मुद्दाम काढला होता, खरं वाटावं म्हणून. माझ्या आईची भाषा मी पहिल्यांदा वापरली ती खोटं बोलायला.

मामा काठाकडं तोंड करून जोरात ओरडला, "शेवंतामाय! ओ शेवंतामाय! ये इकडं जल्दी! तुझ्या किसनाचा नातू आलाय!"

बाभळीखालून एक म्हातारी उठली. हातातली काठी तिथंच पडली, ती उचलायलाही थांबली नाही. रांगेतल्या बायांनी वाट करून दिली. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या हातांना कांद्याचा आणि मिसरीचा वास होता. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तिनं असं बघितलं, जसं कोणी हरवलेल्या भांड्यावरचं नाव शोधतं, आणि तिला ते सापडलं.

"नाक बगा," ती सगळ्यांना म्हणाली. "किसनाचंच नाक हाय." आणि माझ्या दोन्ही कानशिलांवर तिनं बोटं मोडली. कडाकडा वाजली. सगळी रांग हसली, दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला. माझे मित्र माझ्या मागं खाली माना घालून हसू दाबत होते.

नावेत तिनं मला आपल्याजवळ बसवलं. किसना तिचा धाकटा भाऊ. गाव उठायच्या आधीच दोघांत काहीतरी बिनसलं आणि तो बायकापोरं घेऊन निघून गेला, एवढंच मला तिच्या बोलण्यातून कळलं. दर जत्रेला ती या घाटावर येऊन बसायची. कोणी ना कोणी चिंचेखालचं येईल म्हणून.

"किसना कसा हाय?"

"बरे आहेत."

"चालून-फिरून ऱ्हातो का?"

"हाव."

"ऱ्हाता कुठं तुमी?"

"लातूरला."

वल्ह्यांचा चुबुक-चुबुक आवाज येत होता. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "राग हाय का रं त्याला अजून?"

कशाचा राग, हे मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. पण त्या हाताखालून मला माझा गुडघा काढून घ्यायचा होता. "न्हाई," मी म्हणालो. "आता राग न्हाई."

ती पदरात तोंड घालून रडली. रडून झाल्यावर लहान मुलीसारखं विचारलं, "मंग यीना काहून?"

"पुढच्या जत्रेला येणार हायत." हे तर मला कोणी बोलायला लावलंच नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं. एकदा दुकान उघडलं की माल निघतच जातो, तसं.

मध्यावर तिनं मामाला थांबवलं. हात लांब करून मला काहीतरी दाखवलं, बरंच काही सांगितलं. मग आपल्या फडक्यातली ज्वारीची भाकरी मोडून घास माझ्या हातात दिला. मी तो सोडला. तो जरा तरंगला, मग फुगून खाली गेला. तिनं सांगितलं तसं ओंजळभर पाणी प्यालो. कोमट होतं, मातकट. "झालं," ती म्हणाली. "घराला वळख पटली."

दर्शन दहा मिनिटांत झालं. तीनची काय, दोनचीच गाडी मिळाली. निरोप घेताना तिनं परत माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "त्याला म्हनाव, शेवंती म्हनली, माजं चुकलं." मी मान हलवली.

घरी आल्यावर ही गोष्ट मी रंगवून सांगितली. वडिलांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "वा रे पठ्ठे!" आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "मंग तू खरं कवा सांगितलंस तिला?" मी म्हटलं, खरं काय सांगायचं, परत येतंय कोण तिकडं. आई म्हणाली, "उद्याच्या उद्या जा. पाय धर तिचे." मी गेलो नाही. परवा जाईन म्हटलं, रिझल्ट लागल्यावर जाईन म्हटलं. पुढच्या चैत्रात आईचा गुडघा बरा होता, पिशवीही बांधून झाली होती. ऐनवेळी तिनं ती सोडली. "म्या कोन्त्या तोंडानं त्या रांगंत उभी राहू?" म्हणाली. त्यानंतर ती कधीच सावळाईला गेली नाही. तिचं वर्षातलं ते एक बोलणं मी बंद केलं, आणि त्याबद्दल तिनं मला पुन्हा एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

तर आता मी त्या घाटावर उभा होतो. बाभळी नाहीत. सिमेंटच्या पायऱ्या आहेत, लोखंडी कठडे आहेत, वर पत्रा आहे, त्यामुळे रांग सरळ झाली आहे. लाकडी नावेच्या जागी नारिंगी लाँच आहे आणि डिझेलच्या धुरात मासळीचा वास शोधावा लागतो. बाया फोनमध्ये बघत उभ्या. तेवढ्यात भोंग्यातून शुद्ध भाषेत सूचना आली, "बुडिताचे कोणी असतील तर त्यांनी पुढे यावे." आणि माझ्या डोळ्यांदेखत पन्नासेक हात वर गेले. जीन्समधली पोरं, गळ्यात कॅमेरे, नव्या नवऱ्या. फाटकावरचा माणूस वैतागून हसला. "आरं, एवडं मोठं तर गावच न्हवतं," तो म्हणाला. "कुठले म्हनून इचारलं तर गूगलवर बगून सांगायलेत!"

सगळे हसले. मी मान खाली घातली.

माझ्या पुढं एक माणूस होता, माझ्याच वयाचा. खाकी पँट, पांढरा सदरा, हातात स्टीलचा डबा. त्यानं हात वर केला नव्हता. दोन तासांत आमची ओळख झाली. नाव दत्ता. किनवटकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी. रात्रीच निघून सकाळी पोचला होता. त्यानं डबा उघडून मला भाकरी-ठेचा दिला, आम्ही कठड्याला टेकून खाल्लं. कितीतरी वर्षांनी मी रांगेत कोणाच्या हातचं खात होतो आणि मला आईसारखं निवांत वाटत होतं. मी सहज म्हणालो, "तुम्ही नाही हात वर केला? सगळे तर करतायत."

"आमी बुडिताचेच हाव, भाऊ," तो म्हणाला. "चिंचेखालचे. पन आपली रांगच बरी."

घास माझ्या तोंडात तसाच राहिला. मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. "का?"

तो काही कडवटपणानं बोलला नाही. शाळेतल्या पोरांना वाढताना बोलावं तसं बोलला. त्याचा आजा किसना थंडीच्या दिवसांत गेला. जाताना म्हणाला होता की माझी राख आपल्या घरावर सोडा, आणि शेवंतीला सांगा, माझा राग न्हाई. दत्ता तेव्हा वीस वर्षांचा. चैत्रात राखेचं गाठोडं घेऊन तो आयुष्यात पहिल्यांदा या घाटावर आला. हाळी झाली तेव्हा पुढं गेला, 'चिंचेखालचे' म्हणाला. बाभळीखाली एक म्हातारी शेंगपोळ्यांचा डबा घेऊन बसली होती. भाऊ येणार म्हणून.

"म्या पाया पडलो. म्हनलो, आजा गेला. तर ती काय म्हनली म्हाईत हाय का? म्हनली, माजा किसना जिता हाय. त्याचा नातू मागल्या साली माज्या हातचा घास घरावर सोडून गेला. राग न्हाई म्हनून बी सांगून गेला. तू कोन रं? रांग चुकवायसाटी मेल्याचं खोटं सांगतोस?" दत्तानं डब्याचं झाकण लावलं. "बाकीचे बी खवळले. कोनी तरी ढकललं मला. मंग म्या गेलो रांगंच्या शेपटाला. तवापासून रांगंतच."

"मग ती...?"

"तीन जत्रा शेंगपोळ्या घेऊन बसली म्हन्तात. भावाच्या सुतकाची अंघोळ केली न्हाई तिनं. तशीच गेली."

एक क्षण, खरं सांगतो, मला बरं वाटलं. राग नाही हे मी सांगितलं होतं आणि ते खरंच निघालं होतं. म्हणजे निरोप तर पोचलाच की, असं मनात आलं. ते आलं आणि मला स्वतःची शिसारी आली. तो निरोप ज्यानं किनवटहून उरावर वाहून आणला होता, तो माझ्यामुळं खोटा ठरून इथं धक्के खात उभा राहिला होता. आणि मी अजूनही, या वयात, त्यातून स्वतःसाठी एक सीट धरू बघत होतो.

रांग पुढं सरकली. मी बोललो नाही. फाटक आलं, मी बोललो नाही. लाँचमध्ये आम्ही कडेच्या बाकावर बसलो. दत्तानं डब्यातून राखून ठेवलेला भाकरीचा तुकडा काढला आणि हातात धरला. मी विचारलं, "घर माहीत आहे?"

"कुठलं! घर गावाभाईर, मळ्याकडं व्हतं. एक म्हन्तो हितं, दुसरा म्हन्तो तितं. नेमकं शेवंताआजीलाच ठावं. राख बी अंदाजानंच सोडली म्या. घास बी अंदाजानंच. पोचत असंल."

इंजिन सुरू झालं. त्या आवाजात बोललं तर ऐकू जाणार नाही, अशीही एक आशा मला वाटली असावी. पण मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणालो, "तो पोरगा मी होतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मी परत सांगितलं, सगळं, मॅचसकट. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. मला वाटलं मारेल. त्यानं मारावं असंही वाटलं. लाँच मध्यावर येत होती, आजूबाजूला फोटो काढणं चाललं होतं. दत्तानं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"तुला नावंत घेऊन गेली व्हती ती?"

"हो."

"घर दावलं?"

"हो. नाव थांबवून दाखवलं."

त्याचा आवाज एकदम बदलला. राग कुठं गेला कोण जाणे. तो अर्धवट उठलाच. "मंग सांग की! कुठं? हितं का? फुडं? जल्दी सांग, चालली बग लाँच!"

मी पाण्याकडं बघितलं. चारी बाजूंना सारखंच पाणी. मी कुठंही बोट दाखवलं असतं तरी त्यानं घास सोडला असता, हात जोडले असते, आणि जन्मभर ती जागा धरून ठेवली असती. बोट उचलायला मला काहीच अडचण नव्हती. मला सवय होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"काहून? दावलं म्हन्लास ना?"

"ती दाखवत होती, तेव्हा मी तिकडं बघत नव्हतो. मी मागं वळून रांग बघत होतो. किती माणसं मागं टाकली ते."

त्यानं माझं मनगट सोडलं. आजवर तो अंदाजानं का होईना घास सोडत होता. या वेळी त्याला अंदाजानं सोडवेना. हात कठड्याबाहेर काढून तो एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिला. लाँच थांबत नाही. बेटाच्या पायऱ्या आल्या, माणसं उतरायला लागली, आणि दत्ताची मूठ अजून मिटलेलीच होती.